चौथी बाटली

रक्ताच्या तिसऱ्या बाटलीतही त्याच काड्या निघाल्या. पुंजारामनं सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. जाड, लांबट, एकीला एक चिकटलेल्या. हे धुळीतले, मातीतले जंतू. माणसाच्या रक्तात ते सहसा नसतातच, बाहेरून येतात. आणि एकदा बाटलीत शिरले की असे माजतात, की रक्तात मुळात कोणता जंतू होता याचा पत्ताच लागत नाही.

वर वॉर्डात केरबा त्याच मूळच्या जंतूपायी मरणाला टेकला होता. मेंढरं विकून चितेगावच्या कारखान्यात लागलेला धनगर गडी. पत्र्यानं नडगी चिरली, तर यानं वर फडकं गुंडाळलं आणि पाळी पुरी केली. आठवड्यात विष रक्तात भिनलं. लघवी आटली, बीपी घसरायला लागलं. दोन औषधं वाया गेली होती. मोठे डॉक्टर सकाळी स्वतः प्रयोगशाळेत आले होते. जंतूचं नाव कळल्याशिवाय तिसरं औषध कोणतं देऊ, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

पुंजारामला ते फार लागलं. अकरा वर्षं तो हेच काम करत होता आणि त्याच्या हाताचं नाव होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं, संचारबंदी लागली होती. प्रयोगशाळेतले बाकीचे दोघे घरीच अडकले होते आणि पुंजारामनं तीन दिवसांत उस्मानपुऱ्यातलं आपलं घर पाहिलं नव्हतं. तिन्ही वेळा रक्त त्यानंच काढलं होतं. त्यानं बाटल्या तपासल्या, त्या उकळायचं यंत्र तपासलं, कापूस बदलला, स्पिरिटची नवी बाटली फोडली. सगळं ठाकठीक होतं. मग घाण येत होती कुठून?

चौथी बाटली घेऊन तो जिना चढला. केरबाची बायको म्हाळसाबाई उशाशी बसली होती. कमरेला खंडोबाच्या भंडाऱ्याची पिशवी, बोटं हळदीनं पिवळीजर्द. खाटेजवळ येईल त्याला ती चिमूटभर भंडारा द्यायची. नर्सला द्यायची, झाडूवालीला द्यायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही द्यायची. देवाचा भंडारा, नको कोण म्हणणार? आताही तिचा हात पिशवीकडं गेला आणि पुंजारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तो तिच्यावर तुटूनच पडला. हळदीच्या एका चिमटीत हजारो जंतू असतात, स्पिरिटनं पुसलेल्या जागेला ती नुसती लागली तरी सगळं रक्त नासतं, असं त्यानं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

“सुईसंगं तुमचा भंडारा बाटलीत चाललाय, बाई. आपल्याच हातानं नवरा मारायलात तुमी.”

म्हाळसाबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोटं पदराला पुसत ती बाहेर व्हरांड्यात गेली.

केरबाच्या शिरा पार बसल्या होत्या. उरली होती ती एकच, कोपराच्या आतली, तीही बोटाला जेमतेम लागणारी. ती चुकली असती तर दुसरी जागा नव्हती. पुंजारामनं स्पिरिट लावलं, शीर चाचपली, श्वास रोखला आणि सुई घातली. नळीत काळपट रक्त चढलं तेव्हा नर्सनंही सुस्कारा सोडला.

जंतू वाढायला रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं त्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला. काडी एकही नव्हती. होते ते फक्त गोल ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे. तो जिन्यावरून धावतच वर गेला. डॉक्टरांनी तिथल्या तिथं औषध बदललं. संध्याकाळपर्यंत काहीच फरक दिसेना. दुसऱ्या सकाळी मात्र बीपी सावरलं. चौथ्या दिवशी केरबानं भाकरी मागितली.

मग काय, ही गोष्ट दवाखानाभर झाली. पुंजारामनंच केली. झाडूवाल्या म्हाळसाबाईला हळदबाई म्हणायला लागल्या, नर्स तिला खाटेपासून चार हात लांब बसवायच्या. ती मान खाली घालून बसायची. पुंजारामही हसून घ्यायचा. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं.

केरबाला घरी सोडलं त्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पाया पडायला आली असणार, असं पुंजारामला वाटलं. मन मोठं करून त्यानं हात पुढं केला आणि आता खुशाल भंडारा द्या, असं म्हणाला.

तिनं पिशवीची गाठ सोडली नाही. आसपास कोणी नाही ना, ते आधी पाहून घेतलं.

“दुसऱ्या कुनाचं आसं हू नये म्हनून सांगते, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “मालकाच्या हाताला मी बोट लावलंच नव्हतं. दर खेपंला भंडारा तुमाला देत व्हते. तुमी कपाळाला लावायचे, अन् त्याच बोटानं शीर चाचपायचे. तुमी हळदीचं बोलले तवा ध्यानात आलं माझ्या.”

पुंजारामचा हात तसाच पुढं राहिला. मग त्याच वेळी का नाही सांगितलं, असं त्यानं कसंबसं विचारलं.

“तवा सांगितलं आसतं तर तुमचा हात थरथरला आसता,” म्हाळसाबाई म्हणाली. “अन् सुई तुमालाच घालायची व्हती.”