वरून खाली लिहू नये

"रोज," साहेब म्हणाले. "सुट्टीचे दिवस सोडून रोज. आणि आपल्याला कळलं कधी, तर परवा. नकारांची मोजणी केली तेव्हा."

"यंत्राने प्रत्येक वेळी अडवलं ना?"

"प्रत्येक वेळी."

"मग झालं तर."

"वा, कडीबाई! माणूस रोज दाराला धक्के देतोय आणि तुम्ही कडीचं कौतुक करत बसा."

कडी हे तिचं ऑफिसातलं टोपणनाव. संगणकावर कुणी काय उघडायचं आणि कुणी नाही, याचे नियम तिच्या ताब्यात होते. माणसांना पातळ्या, फायलींना पातळ्या. खालच्याने वरचं वाचू नये, हे कुणालाही पटे. दुसरा नियम मात्र लोकांच्या पचनी पडत नसे: वरच्याने खाली काही लिहू नये. गुपितं खाली झिरपतात ती अशीच, एकेका ओळीने. तीन वर्षांपूर्वी हा नियम तिनेच लागू केला आणि त्याला पदरची एक गाठ मारली. नकार मुकाट द्यायचा. ओळ पोचली नाही हे लिहिणाऱ्याला कळूच द्यायचं नाही, म्हणजे तो बेसावध राहतो.

"आहे कोण हा?"

"सहाव्या मजल्यावरचा. एकटाच बसतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सोमवारपासून घरी बसवलाय."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मी माझं काम करत होतो. दुसरं काय म्हणणार?" साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "अडवलेल्या ओळी यंत्राने जपून ठेवल्यात. त्या वाचायचा अधिकार नियम सांभाळणारीला, म्हणजे तुम्हाला. त्याही त्याच्याच टेबलावरून. आजच्यापुरती तुमची पातळी वाढवतो. पाच वाजता परत जमिनीवर! तुमची सही झाली की त्याची नोकरी गेली."

"आणि नाही झाली तर?"

"तुमची होणार नाही?" साहेब हसले. "तुम्ही तर मलासुद्धा माझीच फाईल उघडू दिली नव्हती."

ते खरं होतं. तिलाही हसू आलं.

ती जागेवर परतली. वर जायच्या आधी दिवसाची नोंद पाठवायची होती. कुणाला काय नाकारलं, किती वाजता, का. नोंद वर गेली की तिची तिलाही पुन्हा दिसत नसे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही हा तिचाच दंडक, त्यामुळे ती वर्षानुवर्षं तिथे 'काही नाही' लिहीत आली होती. मग एका कंटाळवाण्या दुपारी तिने लिहिलं, 'आज दूध उतू गेलं.' कुणी हटकलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं लिहिलं. मग धाकट्या बहिणीचं, जी रविवारी फोन करायची तोही भाजी चिरता चिरता. घरी दोन खोल्या आणि एक रेडिओ, बोलणार कुणाशी? एकदा मुद्दाम लिहून पाहिलं, 'तिसऱ्या दाराने हत्ती आत आला.' आठवडाभर वाट पाहिली. चिटपाखरू फिरकलं नाही.

"वर गेलेल्या नोंदी वाचतं कोण हो?" तिने साहेबांना एकदा सहज विचारावं तसं विचारलं होतं.

"वाचतंय कोण? साठवतात."

त्यानंतर दोन दिवस तिने शेऱ्यात नुसती आडवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. आजही तिने लिहिलं, 'एका माणसाची नोकरी माझ्या हातात आहे. जेवण गेलं नाही.' नोंद पाठवून ती लिफ्टकडे गेली.

सहाव्या मजल्यावरची खोली एका माणसापुरती होती. एक खुर्ची, तिच्या पाठीवर उसवलेला स्वेटर. बशीत पालथा घातलेला एकच कप. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडणारी. तिला क्षणभर गलबलून आलं. मग तिने स्वतःला दटावलं. कप तर चोरांच्याही खोलीत असतात.

अहवालाचा कागद तिने समोर ठेवला. 'माहिती खाली पाठवण्याचा प्रयत्न' यापुढे खूण केली. सही तेवढी राहिली.

तिने संगणक सुरू केला. पडद्यावर सर्वात वर एक नोंद उघडली, आजचीच, अजून न वाचलेली. शब्द ओळखीचे होते: 'जेवण गेलं नाही.' नोंदीखाली एक रिकामी चौकट: 'शेऱ्याला उत्तर'. ती वाट तिने तीन वर्षांपूर्वीच बंद केली होती. खालून. वर चौकट उरली आहे का हे येऊन पाहायची तिची पातळी नव्हती.

तिने अडवलेल्या ओळींची यादी उघडली. सगळ्या एकाच टपालपेटीकडे निघाल्या होत्या. तिच्या.

'दूध उतू गेलं तर शेगडी गार होऊ द्या, मग पुसा.'

'गुडघा शेकून पाहा. माझा शेकल्याने बरा झाला.'

'हत्तीकडे ओळखपत्र होतं ना?'

'दोन दिवस नुसतीच रेघ. बऱ्या आहात ना?'

ती खाली खाली सरकत गेली. शेवटची ओळ शनिवारची होती.

'रागावू नका, पण तीन वर्षं झाली. माझं लिहिलेलं तुम्ही वाचता की नाही, एवढं तरी एकदा शेऱ्यात कळवा.'