सात नंबरची चौकशी

"विरोधात," म्हणत समितीचा कारकून डेल याने चिठ्ठी डावीकडच्या गठ्ठ्यावर टाकली. उलटून बघितलीसुद्धा नाही.

"अहो, वाचा तरी," पहिल्या रांगेतून ग्रेटा रोलॉफ म्हणाली.

"वाचायचं काय त्यात, डॉक्टर? बाई चर्चच्या बसमधून उतरलीय. बावीस वर्षं हेच करतोय मी. चेहरा बघितला की कळतं."

मॅडिसन या राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळात लोकांचं म्हणणं ऐकायची रीत सोपी आहे. दारात चिठ्ठी भरायची. तिच्यावर तीन चौकोन असतात: बाजूने, विरोधात, फक्त माहितीसाठी. नाव पुकारलं की तीन मिनिटं बोलायचं आणि घंटा वाजली की मुकाट्याने बसायचं. आता एवढ्या लांब येऊन फक्त माहिती कोण विचारतंय? म्हणून डेलने गठ्ठे दोनच केले होते.

ग्रेटाला त्या गठ्ठ्यांकडे बघवत नव्हतं. डावीकडचा चांगलाच फुगला होता. तिची स्टेम सेलची, म्हणजे भ्रूणातून काढलेल्या मूळ पेशी वाढवायची, प्रयोगशाळा सरकारी अनुदानावर चालायची. आज समितीने नाही म्हटलं की जूनअखेर कुलूप, आणि सात वर्षं वाढवलेल्या पेशी कचऱ्यात. नऊ सदस्यांपैकी चार तिच्या बाजूचे, चार विरोधातले. नववे खुद्द अध्यक्ष क्लॅप्रिक. साठ गायींचा गोठा सांभाळून राजकारण करणारा माणूस. त्यांच्या मनातलं त्यांच्या बायकोलाही कळत नसे म्हणे.

"पैसा सरकारचा," त्यांनी सकाळीच सुनावलं होतं, "मग लक्ष कोण ठेवणार? तुमचं तुम्हीच? वा!"

"या पेशी मुळात आल्या कुठून?" दुसऱ्या एका सदस्याने विचारलं होतं.

"मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या एका जोडप्याकडून. त्यांचा एक भ्रूण उरला होता, तो त्यांनी संशोधनाला दिला. ऑक्टोबर सत्त्याण्णव. त्या महिन्यात तो एकच आला. नावगाव आम्हाला सांगत नाहीत. फक्त नंबर असतो. सात."

तिसऱ्या रांगेतल्या त्या चर्चच्या बाईने तेव्हा वहीत काहीतरी टिपून घेतलं. ग्रेटाच्या ते लक्षात आलं.

दुपारपर्यंत भांडण रंगलं. एकाने टेबल बडवून 'भ्रूण मोडणं हा खून आहे' म्हटलं. एका बापाने मधुमेही मुलीच्या इन्सुलिनच्या सुया टेबलावर ओतल्या. मग डेलने पुकारलं, "लव्हॉन येकल!"

तीच वहीवाली बाई उठली. पंचेचाळिशीची असेल. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते म्हणाली.

"भाषणबिषण मला येत नाही. चार प्रश्न आहेत. डॉक्टरबाईंनी उत्तरं दिली तर बरं होईल."

अध्यक्षांनी मान डोलावली. "विचारा."

"तो सात नंबर गार जागी ठेवता की उबेत?"

"उबेत. सदतीस अंश," ग्रेटा म्हणाली. "आपल्या अंगाची ऊब असते तेवढी."

"आणि खायला काय देता?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"गुलाबी पाण्यासारखं असतं. त्यात साखर, मीठ, बाकी लागेल ते सगळं. रोज बदलतो."

"रोज म्हणजे? रविवारी कोण बघतं? नाताळला?"

आता मात्र ग्रेटा चिडली. ही बाई एकेक खोट शोधत होती.

"पाळ्या लावल्यात बाई. नाताळला मीच जाते. गेल्या वेळी बर्फाने रस्ते बंद होते, तर चार मैल चालत गेले. घरी जेवण गार झालं, आईने नको नको ते ऐकवलं. पण एक दिवस हयगय झाली की पेशी बिघडायला लागतात. नाही जाऊन चालत!"

क्लॅप्रिक खुर्चीत मागे रेलले.

"हे तर आमच्या गोठ्यासारखंच झालं की. गाईला कुठे नाताळ कळतो! दूध काढावंच लागतं." ते लव्हॉनकडे वळले. "बाई, तुम्ही तपासनीस वगैरे आहात की काय?"

"छे हो."

"व्हायला पाहिजे होतं. आमच्यापैकी एकालाही हे विचारायचं सुचलं नाही."

लव्हॉनने तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा वाजली. ती वही मिटून खाली बसली.

चार वाजता मतं पडली. चार, चार, आणि क्लॅप्रिक म्हणाले, "द्या अनुदान. पण एक अट. कोणी, किती वाजता खायला घातलं, ते रोज वहीत लिहायचं आणि दर महिन्याला इथे आणून दाखवायचं. नाताळचंसुद्धा."

ग्रेटाला रडू आवरेना. जिने अडकवायला प्रश्न विचारले, तिच्याचमुळे आपण तरलो! तिला हसूही येत होतं. डेल चिठ्ठ्या आवरत होता. एक चिठ्ठी हातात धरून तो उगाच डोकं खाजवत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही हो. येकलबाईंनी तिसऱ्या चौकोनात खूण केलीय."

बाहेर खांबापाशी लव्हॉन उभी होती. ग्रेटा दिसताच पुढे आली. हातातली वही तिने छातीशी धरली होती.

"डॉक्टर, बस सुटतेय माझी. गाडी फुकट होती म्हणून चर्चवाल्यांबरोबर आले. चौथा प्रश्न राहिला, तेवढा विचारू?"

"विचारा ना."

"ऑक्टोबर सत्त्याण्णवमध्ये मी त्या कागदावर सही केली, तेव्हा सुचलंच नाही बघा." तिचा आवाज एकदम खाली आला. "सात नंबर... मुलगा आहे की मुलगी?"