मागची सीट

शोरूममधल्या सगळ्यात महागड्या गाडीत बाई मागे आडव्या झाल्या, तेव्हा सेल्समनला वाटलं, त्यांना चक्कर आली.

"काकू, पाणी आणू?"

"नको. दार लाव बाहेरून."

त्याने दार लावलं. बाईंनी आत गुडघे वर घेतले, एकदा या कुशीवर वळल्या, एकदा त्या. मग काचेवर टकटक केली.

"जागा पुरते," बाहेर येत त्या म्हणाल्या. "पण दार लावल्यावर दिवा विझला. तो चालू ठेवता येतो ना?"

"येतो. पण काकू, खरी गंमत पुढे आहे. या वर्षीच्या मॉडेलला काय नाही ते विचारा! छत उघडतं, समोर कुणी आलं तर गाडी स्वतः ब्रेक मारते, आणि तुम्ही बोललेलं सगळं ऐकते."

"ऐकणारे आहेत घरी एक," बाईंनी कोपऱ्यातल्या सोफ्याकडे हनुवटी केली. तिथे त्यांचे यजमान मांडीवर टोपी ठेवून पेंगत होते. "मागे हिटरची हवा पोचते का, ते सांग."

सेल्समनने नव्या मॉडेलची माहिती पोपटासारखी पाठ केली होती. पण बाईंचे प्रश्न त्या पाठांतरात कुठेच बसत नव्हते. सीटचं कापड पाण्याने धुतलं तर डाग निघतात का? इंजिन बंद असताना मागचा प्लग चालतो का? दिवा पांढरा आहे की पिवळट?

"गाडी चालवणार कोण?" त्याने विचारलं.

"हे. मी मागे."

"पुढच्या सीटवर जास्त आराम आहे, काकू."

"मला मागेच बसायचंय. आणि यांना एकच अट आहे, काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही."

सोफ्यावरून आवाज आला, "इतक्या वर्षांत एकदाही बघितलेलं नाही." काका जागेच होते.

अडचण वेगळीच होती. मागची सीट पूर्ण सपाट होण्याची सोय कंपनीने यंदा मधल्या मॉडेलमधून काढून टाकली होती. ती हवी तर सगळ्यात वरचं मॉडेल घ्या. आणि ते बाईंच्या आवाक्याबाहेरचं होतं, हे त्यांनी न लाजता सांगितलं.

"छत नको, रंगीत दिवे नकोत, गार होणारी सीट तर मुळीच नको," त्या म्हणाल्या. "मला फक्त ही सपाट जागा दे."

"तसं नाही मिळत, काकू. जुनीच गाडी वापरा ना अजून थोडे दिवस."

बाईंचा चेहरा बदलला. "मागच्या थंडीत घाटात जुनीचा हिटर बंद पडला. आत उजेड नाही. टॉर्च दातात धरून बसले होते मी. त्या वेळी जे झालं, ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. गाडी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आणि खरंच, त्या सोफ्यावर जाऊन बसल्या.

सेल्समनच्या डोक्यात आता सगळं जुळलं. त्याने हळूच विचारलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी. राहायला बोलावते. गेले होते, पण आठवड्यात परत आले. नाही जमत तिथे."

या वयात ही दोघं गाडीत राहणार! तो तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसला.

"साहेब, मागच्या वर्षीचं मधलं मॉडेल एक शिल्लक आहे ना गोदामात? सपाट सीटवालं?"

"ते माझ्या मेव्हण्यासाठी ठेवलंय."

"मेव्हण्याला घर आहे, साहेब."

"म्हणजे?"

सेल्समनने काचेतून सोफ्याकडे बोट दाखवलं आणि जे समजलं होतं ते सांगितलं. मॅनेजरने नेहमीसारखं झिडकारलं. सेल्समन हलला नाही. दुसऱ्यांदा झिडकारलं, तरी हलला नाही. "नोकरी गेली तरी चालेल," तो म्हणाला, आणि हे आपणच बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. मॅनेजरने सोफ्यावरच्या त्या दोघांकडे बघितलं. शेवटी त्याने फोन उचलला आणि गाडी मिळणार नाही म्हणून मेव्हण्याला कळवलं.

बातमी ऐकून बाईंनी सेल्समनचे दोन्ही हात हातात घेतले. काकांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

सगळं पक्कं झाल्यावर सेल्समन त्यांना दारापर्यंत सोडायला आला. तिथे त्याला राहवलं नाही.

"काकू, एक बोलू? राग मानू नका. थंडीत गाडीत झोपू नका. आमच्या घरावर एक खोली रिकामी आहे. भाडंबिडं काही नको. तुम्ही दोघं या."

बाईंनी काकांकडे बघितलं. काका खो खो हसायला लागले.

"अरे, घर आहे की आम्हाला! चांगलं तीन खोल्यांचं."

"मग मागे झोपणार कोण?"

"झोपायला वेळ असतो का तिथे कुणाला?" बाई म्हणाल्या. "घाटापलीकडच्या बायकांना कळा सुरू झाल्या की आम्हाला निरोप येतो. जाताना आम्ही दोघंच असतो, दवाखान्यात येईपर्यंत तिघं. आणि आतल्याला दम निघाला नाही, तर चौघं."