दोघींची रजा

लग्नानंतर लातुरात नोकरी शोधताना शिवांगीचा पहिला प्रश्न एकच असायचा, "बाळंतपणाची रजा किती?" दोन ठिकाणी लोक हसले. तिसऱ्या ठिकाणी 'सहा महिने, भरपगारी' म्हणाले आणि तिने ती नोकरी धरली.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून दिवस भरत आले तशी ती नायगावजवळच्या आपल्या गावी आली. तिची आई, सिंधु, चौदा वर्षांपासून गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. बाळ झालं तशी ती घरातून हललीच नाही. बाळाची आंघोळ, लेकीचा शेक, डिंकाचे लाडू, सगळं एकटीच बघायची. शिवांगीच्या मनाला ते टोचायचं.

"आई, माझ्यापायी तुझे खाडे होऊन राहिले ना?"

"तुलाच मिळती व्हय गं रजा? मला बी दिली की मोठ्या सरानं. घे, खीर पी गुमान."

शिवांगीने निर्धास्त होऊन वाटी तोंडाला लावली. तेवढ्यात दारात एक बाई येऊन संकोचून उभी राहिली.

"सिंधुमावशी, तुमचं नाव काढून आजपासून मला कायमचं लावलंय शाळंवर. दीडशे लेकरांच्या खिचडीला मीठ किती टाकू?"