कुणाला कळवायचं?

मशीन लमदुआनच्या बोटांचे ठसे घेत नव्हतं. चाळीस वर्षं भाताची लावणी-कापणी करून बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. खिडकीमागच्या मुलीनं तिसऱ्यांदा काच पुसली. शेवटी प्रेबेननं खिशातला रुमाल ओला केला, बायकोचं एकेक बोट पुसलं आणि काचेवर दाबून धरलं. हिरवा दिवा लागला.

“नवरा कामाचा आहे हो, मावशी,” मुलगी हसली.

“कामाचा कसला! पहाटेपासून तीनदा फाइल उघडून बघितलीय त्यानं. कागद काय पळून जाणार होते?”

आजूबाजूचे हसले. प्रेबेनला फक्त ‘कागद’ एवढं कळलं. सगळे हसतात म्हणून तोही हसला. आठ वर्षं तो असाच हसत आला होता, सगळ्यांच्या मागून.

डेन्मार्कमधल्या एका बंदरात त्यानं जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त झाला, लमदुआनशी लग्न केलं आणि थायलंडमधल्या उदोन शहराजवळच्या तिच्या गावात येऊन राहिला. आता त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. मे महिन्यात डेन्मार्कला ऑपरेशन ठरलं होतं, आणि पुढं तीन महिने तिथंच राहायचं होतं. “मी एकटा जाणार नाही,” तो म्हणाला होता. आठ वर्षांत त्यानं धरलेला हा एकच हट्ट. म्हणून बँकॉकच्या पलीकडे कधी न गेलेली लमदुआन आज पासपोर्टच्या खिडकीसमोर बसली होती. तिचे सगळे कागद प्रेबेननंच गोळा केले होते. त्याला ते वाचता येत नव्हते. शिक्क्यांच्या रंगावरून तो ते ओळखायचा.

“काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, मावशी? नाव आणि फोन नंबर सांगा.”

हा प्रश्न येणार हे प्रेबेनला ठाऊक होतं. थाई नाव लिहायला सोपं, त्याचं अवघड. मुलीची पंचाईत नको म्हणून त्यानं आपलं नाव थाई अक्षरांत एका चिठ्ठीवर गिरवून आणलं होतं. दोन संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. त्यानं चिठ्ठी पुढं केली.

लमदुआननं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “थोंगसाई,” ती म्हणाली. “माझा धाकटा भाऊ.” आणि नंबर तोंडपाठ सांगितला.

प्रेबेननं चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली.

थोंगसाईचं घर त्याच अंगणात होतं. आठ वर्षांत तो प्रेबेनशी दहा वाक्यं बोलला नसेल. जेवायला सगळी माणसं चटईवर गोल बसायची. प्रेबेनचे गुडघे वाकायचे नाहीत, म्हणून तो बाजूला खुर्चीवर बसायचा आणि वरून सगळ्यांची डोकी बघत जेवायचा. थोंगसाई त्याच्या पुढ्यात ताट ठेवायचा, “खा,” म्हणायचा आणि चटईवर परत जायचा. प्रेबेननं त्याचा अर्थ कधीच लावून टाकला होता. पाहुणा जायचं नाव घेत नाही, तर माणूस दुसरं काय करणार?

फोटो निघाला. फोटोत लमदुआन घाबरलेली दिसत होती. पासपोर्ट टपालानं घरी येईल, असं मुलीनं सांगितलं.

बाहेर टपरीवर तिनं भाजलेली कोंबडी आणि चिकट भात मागवला. प्रेबेननं ताटाला हात लावला नाही. ती दोघं अर्धी तिची, अर्धी त्याची अशी एक भाषा बोलायची. जगात ती दोघांनाच कळायची.

“अरे म्हाताऱ्या, खा की. छातीत दुखतंय का?”

“नाही.”

“मग तोंड का असं?”

“मी तुझा नवरा आहे. माझं नाव का नाही दिलंस?”

लमदुआननं भाताचा गोळा हातातच धरला. “तुझं? तिकडे मला काही झालं तर तू कुठं असशील? दवाखान्यात, छाती शिवलेली. तुला फोन करून ते काय सांगणार? मी गेले म्हणून? आणि मग तू काय करशील, एकटा?”

“आणि तुझा भाऊ इथं बसून काय करणार आहे?”

“बसणार कशाला? येईल.”

“कसा येईल?”

“मागच्याच महिन्यात पासपोर्ट काढून आणलाय त्यानं. याच ऑफिसातून. तुला सांगू नको म्हणाला, लाजतो तो. विमान जवळून बघितलं नाही त्यानं कधी.”

नुसत्या पासपोर्टवर तिथं कुणी येऊ देत नाही, व्हिसा लागतो, हे प्रेबेनच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“तुला न्यायला येणार तो?” त्यानं विचारलं.

“मला कशाला? मी काय, राख. टपालानं पाठवली तरी पोचेन.” तिनं भाताचा गोळा त्याच्या हातात दिला. “तो म्हणाला, ‘ताई, दाजींना तिथं एकटं ठेवायचं नाही. मी जाईन आणि त्यांना घरी घेऊन येईन.’”