काल्यापर्यंतची रजा

“रजा वाढली तुमची,” रेणुकानं तवा खाली उतरवत सांगितलं. “वकिलाचा फोन आलता. काला होईपर्यंत ऱ्हावा म्हनले.”

मुंजाजी पखवाजाची वादी आवळत बसला होता. त्याचा हात थांबला.

“कागद?”

“कागद परस्पर जेलात जातो म्हनं. आपल्या हातात देत न्हाईत.”

“ठाण्यात इचारून येऊ का?”

“कालच हजेरी झाली की. सारखं तोंड दाखवलं तर पोलिसाला वेगळाच वहीम यायचा. अन् वकील कशाला खोटं बोलंल?”

तेही खरंच होतं. रजेचा अर्ज तिनंच लिहून घेतला होता, जामीनही तीच राहिली होती. परभणीच्या खेपा तिनं एकटीनं घातल्या. भावकी म्हणाली, कशाला आणतीस त्याला गावात? ती म्हणाली, नवरा हाय माझा.

रविवारी त्याला तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं होतं. निघताना बराकीतल्या म्हाताऱ्या बन्सीधरनं बजावलं होतं, “टायमाला ये रे बाबा. उशीर झाला की शिक्षेत मिळालेली माफी गेली, पुन्ना रजाबी न्हाई.” ती माफी धरून मुंजाजी पुढच्या दिवाळीला कायमचा सुटणार होता. भेटीच्या जाळीतून त्यानं ही गोष्ट रेणुकाला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ खाली बघत राहिली. बाईमाणूस, आनंदानं रडत असेल, असं त्याला वाटलं. पुढच्याच महिन्यात तिनं रजेचा अर्ज केला.

घरातलं भांडण सोडवायला आलेल्या शेजाऱ्याच्या डोक्यात त्यानं दारूच्या भरात लाकूड घातलं होतं. शेजारी जागीच गेला. आता दारू सुटली होती. तुरुंगातल्या भजनी मंडळात त्याच्या हातात पखवाज आला, आणि ज्या हातानं पाप घडलं त्याच हातातून देवाचं नाव वाजायला लागलं.

गावात मात्र त्याला कुणी चहाला बोलावलं नाही. पारावर जाऊन बसला की माणसं एकेक करून उठायची. सप्ताहातल्या पखवाजवाल्याचा हात मोडला, म्हणून तेवढं बोलावणं आलं. पहिल्या दिवशी त्याची थाप ऐकून मागं कुणीतरी म्हणालं, “जेलात लय चांगलं शिकवायलेत की. आमच्या पोराला घालावं का दोन वर्सं?” मंडपात हसू फुटलं. मुंजाजीही हसला. इतक्या वर्षांत गावानं त्याच्यावर केलेला तो पहिलाच विनोद होता.

चूल विझायला आली होती. त्यानं बाजूचं लाकूड उचललं. रेणुका उठून अंगणात गेली. जाळ धरल्यावर आत आली आणि पखवाजाला लावायची कणीक मळायला बसली. तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. ती एकाच हातानं मळत होती.

“राजेश्री न्हाई यायची का काल्याला?”

“बारावी हाय तिची. मावशीकडं देवगाव फाट्यालाच बरा अभ्यास होतो.”

“मी आल्यापासून नुसता अभ्यासच चाललाय तिचा.”

रेणुकानं कणकेवर पाणी शिंपडलं.

“पुढच्या दिवाळीपासून मी हितंच,” मुंजाजी म्हणाला. “मंग पोरीला घरी आनू. तुला बी कुणाच्या दारात जाऊ देनार न्हाई. तिघं एका जागी.”

“खा आधी. भाकर निवायली.”

रविवार गेला. सोमवारी महाराजांनी क्षमेवर कीर्तन केलं. देवाच्या दारात उशीर झालेल्यालाही आत घेतात, असं ते म्हणाले. तेव्हा मुंजाजीची बोटं पखवाजावरच थबकली, आणि टाळकऱ्यांना क्षणभर त्याच्यासाठी थांबावं लागलं.

मंगळवारी सकाळी काला होता. ऊन चढलं तरी मंडपात उभं राहायला जागा नव्हती. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला घेतल्या. कुणाची भाकर, कुणाचं ताक, कुणाचं नुसतं मीठ, आणि देवानं सगळं एकात कालवलं. माणसं हलायला लागली. मुंजाजीचे हात असे चालले की मघापर्यंत लांब बसलेली पोरं सरकत त्याच्या गुडघ्याशी आली. डोळे मिटून तो वाजवत राहिला.

जमादार दिनकरराव केव्हा आले, त्याला कळलं नाही. त्यांनी बूट मंडपाबाहेर काढले. हंडी फुटेपर्यंत, आरती होईपर्यंत ते हात जोडून उभे होते. लाह्यांचा प्रसाद कपाळाला लावून त्यांनी तोंडात टाकला आणि मग जवळ आले.

“मुंजाजी, पखवाज ठिव खाली. चल.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? परवाच हजर व्हायचं व्हतं तुला. तिकडून निरोप आलाय. तुझं नाव फरारीत गेलं.”

मुंजाजी हसला. भोवतालची माणसं मागं सरली होती.

“साहेब, रजा वाढलीया माझी. वकिलाचा फोन आलता घरी. हिला इचारा की.”

दिनकररावांनी बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. रेणुका प्रसादाची ओंजळ घेऊन पुढं आली. तिनं पदर सारखा केला.

“काय हो बाई? रजा वाढली म्हून फोन आलता का?”

“कशाचा फोन, साहेब?” रेणुका म्हणाली. “मी तर शुक्रवारपासून ह्यांच्या पाया पडायले, एसटी धरा म्हून.”