चौथं फावडं

काळी सरकारी गाडी कोलमनच्या फाटकासमोरून सुसाट निघून गेली. थांबलीच नाही!

पुढे चौरस्त्यावर बँडवाल्यांनी बासऱ्या ओठांना लावायच्या आत ती तिथूनही पार. तिच्या स्वागताच्या शेकोटीसाठी जुने टायर रचून ठेवलेले, तेही तसेच. गावची पोरगी मंत्री होऊन पहिल्यांदा घरी येत होती. या किनाऱ्यावरून आजवर कुणी मंत्री झालंच नव्हतं. मोडलेल्या खुब्याचा कोलमन सकाळी खुर्चीत बसून फाटकाचे खांब चुन्याने रंगवून घेत होता. आणि नोरीन सख्ख्या बापाला ओलांडून पुढे गेली.

"झाली हो मंत्री," शेजारची डीलिया म्हणाली. "आता आपण कशाला दिसतोय तिला."

कोलमनला आधीच एक गोष्ट खात होती. आदल्या दिवशी शेजारचा बार्टली वारला होता. इथे कबर शेजारची चार घरं खणतात. कितीही वाकडं असो, घरटी एक फावडं जातंच. बार्टलीचा पक्ष दुसरा. नोरीन प्रचाराला गेली की तो म्हणायचा, चहा पी, मत मागू नकोस. घरात मयत, म्हणून गावकरी शेकोटीचं विचारायला गेले, तर त्याची बायकोही म्हणाली, पेटवा खुशाल, तो काही उठून भांडायला येत नाही. पण कोलमनची बायको गेली तेव्हा भर पावसात पहिलं फावडं मारलं ते बार्टलीनेच. आणि आज त्याची कबर खणायला तीनच घरांची माणसं होती. कोलमनचं फावडं दाराआड उभं होतं. खुबा मोडलेला, मुलगा नाही. त्याच्या घराची जागा पहिल्यांदाच रिकामी राहणार होती.

तेवढ्यात गाडी परत आली. मागची सीट रिकामी. ड्रायव्हर उतरला, त्याचे चकचकीत बूट चिखलाने बरबटलेले.

"काका, तुमचं फावडं हवंय. आणि गमबूट."

"कुणाला?"

"मॅडमना. उसन्या फावड्याचा दांडा मोडला त्यांच्या हातात. अंधाराच्या आत कबर खणून व्हायला हवी, म्हणून त्या इथे थांबल्या नाहीत." मग त्याला हसू आलं. "बार्टलींच्या म्हातारीने तर तिथेच सांगितलं, पुढच्या वेळीही तुला मत नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, माहितीये काकू, जरा बाजूला सरका."

डीलिया गमबूट आणायला आत पळाली.

दोघांनी धरून कोलमनला मागच्या सीटवर बसवलं. फावडं त्याने मांडीवर आडवं घेतलं, कुणाला धरू दिलं नाही. गाडी चौरस्त्यावर आली. या वेळी चुकायचं नाही म्हणून बँडवाल्यांनी एकदम जोरात वाजवायला घेतलं.

कोलमनने काच खाली केली.

"थांबा रे," तो म्हणाला. "मंत्र्याचं नंतर वाजवा. आधी आमच्या घरचं फावडं जाऊ दे."